ओलं नाव

ओलं नाव घरात ठेवू नकोस, असं खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, पवित्र पोथ्या लिहिणाऱ्या रेब पिन्हास यांनी तिर्त्साला सांगितलं होतं. पायऱ्यांच्या वळणावर दोघांची गाठ पडली होती. तिच्या हातात भाजीची पिशवी, छातीशी झोळीत येमिमा. त्यांच्या हातात लेखणीसाठी आणलेली टर्कीची पिसं. वरच्या मजल्यावर ती आशीर्वादाचं मोठं चित्र करते आहे आणि त्यात देवाचं नाव पुरतं लिहिते आहे, हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्स्फातसारख्या लहान गावात काय कानावर येत नाही. ते एक पायरी खाली उभे होते, त्यामुळे दोघांचे डोळे एका पातळीला आले होते. "आमची शाई घटकेत वाळते," ते म्हणाले, "तुमचं तेल वाळत नाही. घरात रांगतं मूल आहे. त्याच्या नावाची ती चार अक्षरं एकदा लिहिली की त्यांना खोडणं नाही, पुसणं नाही, पुन्हा काढणं नाही. तुम्ही रंगाची माणसं. पुसल्याशिवाय तुमचं चालतं का पोरी?" तिर्त्सा हसली होती. काम करताना मी दार लावून घेते, असं म्हणाली होती. "दार," ते म्हणाले, आणि तो शब्द बरोबर घेऊन खाली उतरून गेले.

दार तेव्हाही लावलेलंच होतं. गुरुवारी सकाळी, नऊ वाजून दहा मिनिटांनी. तिर्त्साला मिनिटं ठाऊक असतात. येमिमा झाल्यापासून तिच्या डोक्यात एक घड्याळ बसलं होतं: दूध कधी, झोप कधी, शेवटचा खोकला कधी. कॅनव्हास माणसाच्या उंचीचा होता, म्हणून तो भिंतीला टेकवून जमिनीवरच ठेवला होता, आणि आशीर्वादाची तिसरी ओळ, शांतीची, सगळ्यांत लांब, सगळ्यांत खाली आली होती. रांगणाऱ्या मुलाचा हात कुठवर पोचतो ते तिनं टेपनं मोजलं होतं. अक्षरं त्याच्या चार बोटं वर सुरू होत होती. पण सोमवारी येमिमा खुर्चीला धरून उभी राहिली होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्या तिर्त्साला पुन्हा टेप काढायचं सुचलं नव्हतं. एक ब्रश धुण्यापुरती तिनं पाठ फिरवली. वळली तेव्हा येमिमा उभी होती. उजवा तळवा तिसऱ्या ओळीवर सपाट टेकलेला. मग गुडघे लटपटले आणि ती सावकाश खाली बसली, आणि तिच्याबरोबर तळवाही खाली उतरला, त्या चार अक्षरांतून, निळा फराटा ओढत. खाली बसून तिनं आपला हात पाहिला. तोंडात घातला.

तिर्त्सा धावली. इथवर सगळं एखाद्या आईचं होतं. पण ती धावली ती कॅनव्हासकडे. हात पुढे झाला आणि अक्षरांपासून तसूभर अंतरावर थांबला, आणि डोळ्यांनी पाहिलं की पहिलं अक्षर, जेमतेम थेंबाएवढं, शाबूत आहे, दुसरं मोडलंय, तिसरं आणि चौथं उरलेलंच नाही. मग मागून चुटूचुटू चोखण्याचा आवाज आला. एक श्वास गेला असेल मध्ये. फार तर दीड.

नंतर तिनं सगळं नीट केलं. बोट घालून तोंड पुसलं, पाणी पाजलं, जीभ पाहिली; विषबाधेच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या बाईचा आवाज शांत होता, अशा आवाजाची भीती वाटावी इतका. मुलीचं वजन किती, ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा, टर्पेंटाइन होतं का, नव्हतं ना, जवसाचं तेलच होतं ना. मग, "तोंडातून लगेच काढलंत ना?" तिर्त्सा म्हणाली, "लगेच." चोवीस तास लक्ष ठेवा, उलटी झाली किंवा नेहमीपेक्षा जास्त पेंगली तर घेऊन या, असं सांगून बाईनं फोन ठेवला. आणि तो शब्द खोलीत राहिला. लगेच. येमिमा लाकडी चमच्यानं डबा बडवत होती. तिच्या ओठांच्या कडेला फिकट निळी रेघ होती, थंडीत बाळांच्या ओठांना येते तशी, आणि तिर्त्सा ती रेघ पुन्हा पुन्हा पुसत राहिली, ती रंगाचीच आहे हे माहीत असून. तिचा नवरा एल्काना शाळेत गणित शिकवत असेल. मधल्या सुटीत त्याचा रोजचा संदेश आला: मिमी काय करते? तिनं लिहिलं: वाजवतेय. तेही खोटं नव्हतं.

चित्रात हात नव्हते. हे तिला दोन वर्षांच्या विचारानंतर सुचलं होतं. कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या कुळातले लोक, आशीर्वाद देताना प्रार्थनेच्या शालीखाली बोटं पसरतात, आणि बोटांच्या मधल्या फटींतून देव पाहतो असं म्हणतात. सगळे चित्रकार बोटं काढतात. तिनं फटी काढल्या होत्या. संगमरवराची पूड घालून खरबरीत केलेल्या पांढऱ्यावर पाच उभे निळे झरोके, आणि त्यांच्यातून उतरत जाणारे पंधरा शब्द: तीन, मग पाच, मग सात, पायऱ्यांसारखे. इतर चित्रकार नावाच्या जागी नुसतं एक अक्षर काढून पुढे जातात, आणि कुणाला त्यात खटकत नाही. तिला खटकायचं. आशीर्वाद मांडायचा आणि देणाराच गैरहजर, असं तिला वाटायचं. ते नाव ओठांनी कुणी उच्चारत नाही, त्याजागी दुसरा शब्द म्हणतात, मग निदान डोळ्यांना तरी ते मिळावं. पाहणं हेच तिच्याकडे होतं. बाकी काही नव्हतं.

आणि पाहण्याची खोड जुनी होती. तिबेऱ्या गावातल्या यहुदी देवळात ती पाच वर्षांची असताना आजोबा तिला आपल्या शालीखाली घ्यायचे. कोहेन आशीर्वाद देत असताना वर पाहायचं नाही, डोळे मंदावतात. शालीखाली पिवळसर अंधार, लोकरीचा आणि तंबाखूचा वास, आजोबांचं पोट श्वासाबरोबर पुढेमागे होणारं, आणि बाहेरून येणारा तो लांबवलेला सूर, शब्द असे ताणलेले की आता तुटतील. तिनं शालीच्या झालरीतून पाहिलं. समोरच्या पायऱ्यांवर बूट काढलेली माणसं ओळीनं उभी, डोक्यावरून पांढरी कापडं ओढलेली, आणि त्यांच्यातल्या एकाच्या मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर आलेला होता. तो अंगठा तिनं ओळखला. तो मासे विकणारा नहोराय होता. घरी आल्यावर कितीतरी दिवस ती एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून, दोन्ही नीट दिसतात का ते तपासत असे. काही झालं नाही. झालं ते एवढंच की आशीर्वाद म्हटलं की तिला तो अंगठा आठवायचा, थंडीनं लाल झालेला, आणि पोटात माया दाटून यायची. पुढे यरुशलेमला चित्रकला शिकताना ती हे कुणाला सांगू शकली नाही. आज तिला वाटलं, डोळ्यांनी सूड घ्यायला अठ्ठावीस वर्षं लावली. मंदावले नाहीत, पण वेळ आली तेव्हा भलतीकडे वळले. मग तिला स्वतःचीच चीड आली. शिकलेली बाई. आणि तिनं पुन्हा येमिमाच्या बाहुल्या पाहिल्या, खिडकीकडे वळवून, उजेडात लहान होतात का ते.

दुपारी द्रोरा आली. ती यायचीच होती. खालच्या चित्रकारांच्या गल्लीत तिची गॅलरी होती आणि सणांआधीच्या प्रदर्शनात मधली भिंत तिनं तिर्त्सासाठी ठेवली होती. साठीची, बारीक केसांची, कायम बुटांतला खडा काढत असल्यासारखी एका पायावर उभी राहणारी बाई. तिर्त्सानं चित्रावर चादर टाकायला हवी होती, पण ओल्या रंगावर चादर टाकता येत नाही, आणि भिंतीकडे तोंड करून वळवायचं तर कडेला धरावं लागलं असतं. सकाळपासून तिनं त्याला हात लावला नव्हता. द्रोरा चित्रासमोर दोन्ही पायांवर उभी राहिली. हे तिच्या स्वभावात नव्हतं. मग म्हणाली, "हे कुणी केलं?" तिर्त्सानं मांडीवरच्या येमिमाकडे मान केली. द्रोरा खाली वाकली, येमिमाचा निळा तळवा हातात घेतला आणि त्याचं चुंबन घेतलं. "अगं, दोन वर्षं तू नुसती अक्षरं लावतेयस. आज पहिल्यांदा चित्र काढलंय कुणीतरी, आणि ती तू नाहीस."

तिर्त्सा म्हणाली की ती अक्षरं पुसली गेलीत, ते नाव होतं. द्रोरा म्हणाली, तेच तर. हाताशिवायच्या चित्रात हात आलाय. नजर लागू नये म्हणून दाराला टांगायचा चांदीचा पंजा नाही, पर्यटकांचा नाही, खरा, घसरलेला. "तू याला बोट लावलंस ना, तर मी तुझं बोट मोडीन. मधल्या भिंतीवर हाच." मग तिनं तिर्त्साचा चेहरा पाहिला आणि आवाज उतरवून विचारलं, पोटात काही गेलंय का पोरीच्या. थोडंसं, तिर्त्सा म्हणाली. थोडंसं तर मीही आयुष्यभर खातेय, द्रोरा म्हणाली, आणि खिशातून रुमालात बांधलेल्या तीळवड्या काढून ठेवून गेली. ती गेल्यावर तिर्त्सानं प्रथमच चित्राकडे चित्र म्हणून पाहिलं. द्रोराचं खरं होतं. पाच झरोक्यांच्या तळाशी तो पाच बोटांचा डाग असा होता की डोळा तिथून हलत नव्हता. अंगठा वेगळा उमटला होता, करंगळी जेमतेम, आणि खाली ओढत गेलेली रेघ, जणू कुणीतरी वरून हात सोडला. तिच्या हातून हे कधी झालं नसतं. आणि लोक त्याच्यासमोर उभे राहतील, मान तिरकी करतील, किती गोड म्हणतील. त्या डागाची लांबी नेमकी किती ते फक्त तिला माहीत होतं. एक श्वास, फार तर दीड.

दुपारी चारला ती येमिमाला कडेवर घेऊन खाली उतरली. रेब पिन्हास खिडकीशी भिंग लावून दाराच्या चौकटीवर लावायची, पवित्र वचनं लिहिलेली जुनी चर्मपत्रं तपासत बसले होते. कुणाच्या घरी मूल आजारी पडलं की लोक आधी ती काढून त्यांच्याकडे आणतात, एखादं अक्षर तडकलंय का बघायला. बायको गेल्यापासून ते एकटेच होते. खोलीत शाईचा, उकडलेल्या बटाट्यांचा वास. तिर्त्सा उभ्यानंच बोलली, परीक्षेत पाठ म्हणतात तसं: तिसऱ्या ओळीतलं नाव पुसलं गेलं, पोरीच्या हातानं, ओलं होतं, तुम्ही सांगितलं होतं. ते खुर्चीतून उठले. भिंग कपाळावर चढवलं. आणि विचारलं, "मुलीच्या तोंडात गेलं का?"

ती खाली बसली. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर. आयुष्यभर ते नाव लिहिण्याआधी दरवेळी हात धुणाऱ्या माणसानं नावाचं नंतर विचारलं होतं. विचारलंच नव्हतं खरं तर. मग तिनं जे मदतकेंद्राला सांगितलं नव्हतं, एल्कानाला लिहिलं नव्हतं, ते सांगितलं. की मी आधी चित्राकडे गेले. ती चोखत होती आणि मी अक्षरं मोजत होते.

येमिमा रेब पिन्हास यांच्या दाढीकडे हात करत होती, त्यांनी दाढी दिली. मग त्यांनी धर्माच्या कायद्याचं सांगितलं, आधी तेच सोपं होतं म्हणून. मुलाला समज नसते, त्यामुळे त्याच्याकडून पाप घडत नाही. तू जाणूनबुजून केलं नाहीस. पुसलं ते पुसलं; त्यावर पुन्हा काढायचं नाही, उरलेल्या थेंबाला ब्रश लावायचा नाही. वरची दोन नावं पुरी आहेत, म्हणून चित्र जाळता येत नाही, फाडता येत नाही. भिंतीवर लावलंस तर चालेल, नाहीतर देवळामागच्या गनीझाच्या खोलीत दे, जीर्ण पोथ्यांबरोबर त्यालाही माती मिळेल. "आणि आधी कुठं पाहिलंस ते मला विचारू नकोस," ते म्हणाले. "त्याचा न्याय करायला मी कोण?"

ती उठणार होती. ते येमिमाशी बोलावं तसं पुढे बोलत राहिले. "माझा गदाल्या सहा वर्षांचा होता. शुक्रवार होता, सकाळची वेळ. मी त्या नावात होतो. नाव लिहायला घेतलं की मध्ये थांबायचं नाही, राजा दारात आला तरी मान वर करायची नाही, असं आम्हाला शिकवलेलं असतं. स्वयंपाकघरातून हाक आली. अब्बा. मी दुसऱ्या अक्षरावर होतो. जीव जात असेल तर सगळं टाकून उठायचं, हेही शिकवलेलं असतं. पण हाकेवरून कसं कळावं, जिवाची आहे की सफरचंदाची? पोरं दिवसातून शंभरदा हाक मारतात. मी तिसरं काढलं. चौथं काढलं. मग उठलो." शनिवारच्या विसाव्यासाठी, शब्बाथसाठी, ठेवलेल्या उकळत्या पाण्याची किटली त्यानं ओढली होती. डावा हात. कातडी वाळताना कोपर आखडला, तो कायमचा.

"आणि ते लिहिलेलं?" तिर्त्सानं विचारलं. असं विचारायला नको होतं, पण तिच्या तोंडून तेच निघालं.

"निर्दोष होतं. एक टिंब चुकलं नव्हतं. कुणाच्या तरी दाराला लागलं असेल. अजूनही असेल."

एकोणिसाव्या वर्षी गदाल्या हैफ्याला निघून गेला. फ्रिज दुरुस्त करतो. आईच्या सुतकाचे सात दिवस येऊन बसला होता, त्याला अकरा वर्षं झाली. त्यानं कधी विचारलं नाही, रेब पिन्हास म्हणाले. विचारलं असतं तर सांगितलं असतं. तिर्त्सा म्हणाली, न विचारता सांगा. फोन करा. त्यांनी शाईच्या बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं, ते आधीच घट्ट होतं. "काय सांगू? दोन अक्षरं राहिली होती म्हणून?" मग त्यांनी येमिमाची बोटं दाढीतून एकेक करून सोडवली. तिच्या लक्षात आलं की त्या दिवशीची पिसं अजून तशीच बांधलेली कोपऱ्यात पडली आहेत, त्यांतल्या एकाचीही लेखणी झालेली नाही.

एल्काना घरी आल्यावर तिनं त्याला सांगितलं, सगळं, कपडेसुद्धा बदलायच्या आधी. तो चित्राकडे पाहत राहिला, मग म्हणाला, मी असतो तरी माझंही तेच झालं असतं. त्याचं तसं झालं नसतं हे दोघांना माहीत होतं, आणि त्याचा तो चांगुलपणा तिला टोचला. शुक्रवारी सकाळी चोवीस तास भरले. येमिमानं अर्धं केळं खाल्लं, अर्धं केसांना लावलं. तिर्त्सानं द्रोराला फोन करून सांगितलं की चित्र येणार नाही. द्रोरा खूप बोलली. शेवटी म्हणाली, तू मूर्ख आहेस, मधली भिंत रिकामी ठेवते, भरायची तर भर. मग एल्कानानं येमिमाला छातीशी झोळीत घेतलं, दोघांनी चित्र कडांना धरून उचललं, रंगाची बाजू बाहेर ठेवून, आणि पायऱ्या उतरले. गल्लीत बायका शब्बाथचे वेणीसारखे विणलेले पाव घेऊन येत होत्या. त्यांनी भिंतीला टेकून वाट दिली. गनीझाच्या खोलीत फाटक्या पोथ्यांचे ढीग, उंदरांचा आणि जुन्या कागदांचा वास. तिर्त्सानं चित्र भिंतीला टेकवलं, तोंड बाहेर करून, आणि तिला वाटलं आता एकदा नीट पाहून घ्यावं. तिनं पाहिलं नाही. येमिमा एल्कानाच्या खांद्यावरून मागे पाहत होती.

खरी भीती संध्याकाळची होती. दिवे लावून झाले, एल्काना देवळातून आला, टेबलावर कापडाखाली पाव, खिडकीत डोंगराआड जाणारा उजेड. एल्कानानं येमिमाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद म्हटला, दर शुक्रवारी म्हणतो तसा, आणि मग बाजूला झाला, कारण दर शुक्रवारी त्याच्यानंतर ती म्हणते. तिर्त्सानं हात पुढे केले. कॅनव्हासकडे गेला होता तो हाच उजवा हात. तसाच तसूभर अंतरावर थांबला. येमिमानं वर पाहिलं. तिच्या तळव्याच्या रेषांत निळं अजून होतं, साबणानं न गेलेलं. तिर्त्सानं हात टेकवले. पहिली ओळ निघाली, राखण करण्याची. दुसरी निघाली, उजेडाची. तिसऱ्या ओळीत नावाशी येऊन आवाज थांबला, आणि त्या थांबण्यात तिला तळव्याखाली येमिमाची टाळू जाणवली. हाड अजून न भरलेली ती मऊ जागा उडत होती, धक् धक्, कातडीच्या इतक्या लगेच खाली की घाबरावं. हे इतकं उघडं होतं आणि गेले दहा महिने तिच्या भरवशावर होतं. तिनं ती ओळ शेवटपर्यंत म्हटली. क्षमा झाली असं तिला वाटलं नाही. हात मात्र तिनं बराच वेळ उचलला नाही, येमिमा वैतागून डोकं हलवायला लागेपर्यंत.

खालून रेब पिन्हास यांचं गाणं येत होतं, एकट्याचं. आवाजावरून कळत होतं, ते आपल्या टेबलाशी आले, पदं म्हटली, आणि द्राक्षारसाच्या प्रार्थनेआधी थांबले. दर शुक्रवारी ते तिथं थांबतात. म्हातारा दमतो, असं दोघं चार वर्षं समजत होती. आज तिर्त्सानं तो वेळ मोजला. पंधरा शब्दांचा होता, एका आशीर्वादाएवढा.

तर हे वाचणाऱ्यांपाशी तिचं एकच मागणं आहे. हैफ्याच्या खालच्या पेठेत, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यांपैकी एखाद्यावर, फ्रिज दुरुस्त करणारा गदाल्या नावाचा माणूस आहे. पन्नाशीचा असेल, डावा कोपर सरळ होत नाही. तुमचं तिकडे जाणं असेल तर आत डोकावून या. काहीतरी बिघडलंय म्हणून जा हवं तर. बापाचा निरोप आहे असं सांगू नका, कारण तसा निरोप कुणी दिलेला नाही. तो बरा आहे का, जेवतो का, त्याला कुणी आहे का, एवढंच पाहा आणि तिर्त्साला कळवा. पुढच्या शुक्रवारच्या आत कळलं, तर ती खाली जाऊन सांगेल.